ओढा बघणारे राष्ट्रपती

अवो, तुम्ही गेलात आणि दोन-तीन दिवसांत आपल्या दारात पोलीस आले. उभ्या जन्मात आपल्या घराची पायरी पोलिसानं चढली नव्हती, ती तुम्ही गेल्यावर चढली. काय तर म्हणे, नाक्यावरचा बॅनर कोणी लावला?

आपल्या पोरानं, संदीपनं आणि त्याच्या टोळक्यानं लावलेला, हौसेनं. बंद गळ्याच्या कोटातला तुमचा फोटो, हा एवढा मोठा. मागं तिरंगी रंग आणि वर ठसठशीत अक्षरांत, 'राष्ट्रपती यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. तुमचं खरं नाव खाली बारीक अक्षरात, ते कोण वाचतंय! नेरळहून येणाऱ्या टमटममधल्या एका बाईनं वाचलं आणि छातीवर हात ठेवला, "अगं बाई, राष्ट्रपती वारले?" झालं. दुपारपर्यंत बातमी कशेळ्याला पोचली. शाळेतल्या पोरांनी गुरुजींकडं दुखवट्याची सुट्टी मागितली. एका पोरानं तर परस्पर घेतलीसुद्धा.

हवालदार भला माणूस होता. म्हणाला, "वहिनी, राष्ट्रपती दिल्लीत आहेत आणि ठणठणीत आहेत."

मी म्हटलं, "ते असतील. आमचे गेले."

बिचाऱ्यानं टोपी काढली. शेजारणीनं आणलेला चहा प्यायला, तुमच्या फोटोला हात जोडले आणि जाताना संदीपला सांगून गेला की 'राष्ट्रपती'च्या आधी गावाचं नाव, 'पोशीरचे' एवढा शब्द घाल, म्हणजे कोणाला हरकत नाही. संदीपनं ब्रशनं घातला. अक्षर वाकडं आलंय. तुम्ही असता तर बॅनर उतरवून पुन्हा लिहायला लावला असतात, मला माहीत आहे.

मी जन्मभर अंगणवाडीत अहवाल लिहिले. लिहायला बसलं की हात 'उपरोक्त विषयान्वये' असंच सुरू करतो. तेव्हा हे लिहिलेलं समजू नका, बोलतेय असंच समजा. आपण दोघं बोललो तेवढं भांडलोच, मग आत्ताच नीट कसं बोलता येईल? रागच आलाय मला तुमचा. जेवून खुर्चीत बसलात, "जरा पाठ टेकतो" म्हणालात आणि ताठच्या ताठ बसल्या जागी गेलात. मी भांडी घासून येईपर्यंत थांबायचं तरी होतं.

आणि जाताना एक काम माझ्या गळ्यात टाकून गेलात. डोंगराखालच्या वाडीवर तुम्ही गेल्याचं कोणालाच माहीत नव्हतं. तिकडं ना बॅनर, ना फोनला रेंज. अमावस्येनंतरच्या सोमवारी तुम्ही ओढा बघायला जायचात, त्या सोमवारी ती माणसं तुमची वाट बघणार. वाडीतल्या म्हाताऱ्या बुधीबायला जाऊन सांगायचं कोणी? आणि सांगितलं की ती लगेच विचारणार, आता ओढा कोण बघंल? त्याला मी काय उत्तर देऊ? तेराव्याला पानं वाढतानासुद्धा माझ्या डोक्यात तेच.

लोकांना वाटतं 'राष्ट्रपती' हे तुमचं टोपणनाव. मी सगळ्यांना सांगते, टोपणनाव नाही, नेमणूक झालेली. तुम्ही माथेरानच्या हॉटेलात दरवान. क्रीम रंगाचा बंद गळ्याचा कोट, पितळी बटणं. आलेल्याला हात जोडायचे, गेलेल्याला हात जोडायचे, मधल्या वेळात ताठ उभं राहायचं. पाहुणा घोड्यावरून पडून आलेला असो नाहीतर बायकोशी भांडून, तुमचं हसू तेवढंच. घरी मात्र आलात की तोंडाचा चंबू, कारण हसू सगळं हॉटेलात संपलेलं.

त्या वर्षी खालापूरच्या अंगाला, डोंगराखालच्या वाडीजवळ मुलींची आश्रमशाळा बांधली आणि उद्घाटनाला साक्षात राष्ट्रपती येणार असं ठरलं. चहापाण्याचं काम तुमच्या हॉटेलाकडं. आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. तुम्ही किटली घेऊन उभे. तालमीचे साहेब आले, तुम्हाला खालून वर बघितलं आणि म्हणाले, "उंची बरोबर. कोट बरोबर. या इकडे."

"साहेब, चहा?"

"चहा ठेवा. तुम्ही राष्ट्रपती."

हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत! आणि दर वेळी ह्या जागी थांबून माझ्याकडं बघायचात, मी हसते का ते. मी मुद्दाम हसायची नाही. आता एकटीच भाकरी थापताना हसते, तर सून दाराआडून बघते, सासू ठीक आहे ना म्हणून.

तुम्हाला लाल गालिच्यावरून चालवलं. बँड वाजला. रिबीन होती, ताटात कात्री होती. ती नुसती हातात धरायची होती. साहेब म्हणाले, "आता राष्ट्रपती फीत कापतील," आणि तुम्ही कापली! कचकन. साहेब ओरडले, "अहो, खरंच कापलीत?" तुम्ही म्हणालात, "तुमीच म्हनालात." दुसरी रिबीन आणायला माणूस कर्जतच्या बाजारात पळाला. त्याला वाढदिवसाच्या केकला बांधतात तसली गुलाबी मिळाली. झाड नुसतं टेकवायचं होतं, ते तुम्ही खड्ड्यात लावलंत, माती दाबलीत आणि वर बादलीभर पाणी घातलंत. शेतकऱ्याच्या हातात रोप दिलं तर तो आणखी काय करणार?

मग आली बुधीबाय. वाडीच्या वतीनं तिनं रानातल्या मधाची बाटली द्यायची आणि 'आपलं स्वागत आहे' एवढंच म्हणायचं, असं तिच्याकडून पाठ करून घेतलेलं. तिनं बाटली दिली, तुमच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "शाळा बांधलास, बरा केलास. पर पावसात पोरी वढा कशा वलांडतील? साकव कुठाय?"

साहेब मधे पडले, "आजी, हे उद्या बोलायचं नाही हं."

"मंग आज बोलून घेते," बुधीबाय म्हणाली.

आणि तुम्ही म्हणालात, "बघतो."

आता आपल्याकडं 'बघतो' म्हणजे काय ते शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. मुलाकडचे 'बघतो' म्हणाले की दुसरं स्थळ शोधायचं. टेबलामागचा माणूस 'बघतो' म्हणाला की पिशवी उचलून घरी जायचं. तुम्हीसुद्धा हॉटेलच्या सवयीनंच बोललात. पाहुणा म्हणाला, बाथरूमला गरम पाणी नाही, की तुमचं आपलं 'बघतो साहेब'. पण बुधीबाय बाजाराला सुद्धा क्वचित खाली उतरणारी. तिच्या कानाला 'बघतो' म्हणजे बघतो. ती म्हणाली, "कवा?"

"अं?"

"बघतो म्हनलास ना? मंग कवा येशील बघाया?"

तुमची बोबडी वळली. तरी म्हणालात, "पाऊस लागला का येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून असं दाट धुकं उतरलं की डोंगर कुठं आणि शाळा कुठं ते कळेना. हेलिकॉप्टर वरच्या वर घरघरलं आणि मागं फिरलं. राष्ट्रपती आलेच नाहीत. गुलाबी रिबीन कोणी सोडून नेली देव जाणे. म्हणजे उद्घाटनाच्या दगडावर नाव दिल्लीचं, आणि शाळेची फीत कापली ती आमच्या पोशीरकरानं. वाडीनं काय समजायचं? त्यांच्याकडं राष्ट्रपती म्हणून एकच माणूस आला होता.

मला वाटलं, संपलं. तर आषाढात, शेतात लावणी अर्धी राहिलेली, मजुरांना भाकऱ्या पोचवायच्या आणि तुम्ही कोटाची बटणं लावताय.

"कुठं चाललाव?"

"वढा बघायला."

"वढा बघायचाय? घरामागं वाहतोय तो बघा की! फुकट हाय!"

"बोललोय मी, बघतो म्हनून."

"अवो, बघतो म्हनलेलं कुनी बघतं का?"

तुम्ही छत्री घेतलीत आणि गेलात. लोकल धरून कर्जत, तिथून टमटम, तिथून चिखल तुडवत. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत लाल होऊन आलात. मी विचारलं, "बघितला?" म्हणालात, "बघितला." "मग?" "मग काय? मोठा हाय." मी डोक्याला हात लावला.

तेव्हापासून पावसाळ्याच्या प्रत्येक महिन्यात एक सोमवार गेला तो गेलाच. गावानं राष्ट्रपती म्हणायला सुरुवात केली आणि मग तुम्हाला काय, उधाणच! कोणाच्या दुकानाची रिबीन, कोणाच्या बोअरवेलचा नारळ, कोणाच्या म्हशीचं बारसं, सगळीकडं तुम्ही. शाळेच्या गॅदरिंगला तर त्या निवेदक पोरानं मला स्टेजवर बोलावलं, "आता राष्ट्रपतींच्या पहिल्या बाई येतील." त्याला म्हणे इंग्रजीतलं 'फर्स्ट लेडी' मराठीत करायचं होतं. सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. धाकटी जाऊ कानाशी आली, "वैनी, दुसरी कुठं ठेवलीय गं? वाडीवर का?"

हसले तेव्हा. पण घरी आल्यावर विचार आला, हा माणूस दर महिन्याला इस्त्रीचा कोट घालून, केसाला तेल लावून डोंगराखाली जातो आणि म्हणतो ओढा बघतो. कोणाला पटेल? पुढच्या सोमवारी मी तुमच्या मागं लागले. "मी बी येते. मला बी बघू दे वढा." तुम्ही इतक्या खुशीत हो म्हणालात की माझा संशय आणखीच वाढला.

तिथं जाऊन बघते तर सवत म्हणजे बुधीबाय. तोंडात दात नाही, कमरेत वाकलेली, आणि तुम्हाला, हॉटेलात भल्याभल्यांना हात जोडणाऱ्या माणसाला, अरे-तुरे करून झापतेय. "मांगल्या खेपंला उशिरा आलास!" पण मीही काही कमी नाही. तुम्ही एकटेच ओढ्यापलीकडं शाळेकडं गेलात तशी मी तिला सांगून टाकलं, "आजे, हे राष्ट्रपती नाय हो. हाटेलाच्या दारात उभे राहतात. कोनी आलं का हात जोडतात."

बुधीबाय म्हणाली, "तो बी त्याच करतो. शाळंतल्या टीवीत बघितलाय मी. पावना आला का दारात उभा, हात जोडतो, संगतीनं फोटू काढतो."

"पर खरा राष्ट्रपती तो हाय. दिल्लीचा."

"तो तुमचा असंल," ती म्हणाली. "आमच्याकडं आला, तो आमचा."

येताना टमटममध्ये मी तुम्हाला सगळं सांगितलं आणि तिथून आपलं ते भांडण सुरू झालं, जे तुम्ही तसंच टाकून गेलात. माझं म्हणणं सरळ होतं. हातात अधिकार नाही, खिशात दमडी नाही, नुसतं बघून काय होतं? तुमचं म्हणणं, "राष्ट्रपतीला तरी काय असतं गं? सही कर म्हटलं तिथं करायची, उभा ऱ्हा म्हटलं तिथं ऱ्हायचं. पर तो येऊन गेला का मान्साला वाटतं, आपल्याला कुनीतरी बघितलं."

"वाटून साकव होतो का?"

इथं तुम्ही ताटातला वाल चिवडत बसायचात. मला वाटायचं, जिंकले.

प्रयत्न तुम्ही केलेत, नाही असं नाही. वाडीतल्या बायकांना घेऊन ऑफिसांच्या दारात गेलात. कोट बघून आधी शिपाई उठून उभा राहायचा, मग पायातल्या चपला बघून बसायचा. आतून 'बघतो' आलं की तुम्ही विचारायचात, "कवा?" बुधीबायकडून शिकलात ते. काही माणसं खरंच आली, टेप लावून मापं घेऊन गेली. पुढच्या वर्षी दुसरी आली, पुन्हा मापं. एवढ्या मापांत ओढ्याला सदरा शिवून झाला असता. साकव काही झाला नाही. मी दर पावसाळ्यात तुम्हाला ते ऐकवलं. अगदी ह्या गणपतीतसुद्धा, आरतीच्या ताटात कापूर ठेवता ठेवता.

तर अमावस्या झाली आणि सोमवार आला. सून म्हणाली, "आई, इतक्यात बाहेर पडू नका, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक म्हणतील पहिल्या बाई निघाल्या." आणि निघाले. कर्जतच्या टमटमवाल्यानं विचारलं, "राष्ट्रपती नाय आले?" त्यालाही सांगता येईना. नुसती मान हलवली.

वाटभर मी वाक्य जुळवत होते. ते गेले म्हणू, वारले म्हणू, की साकवाचं सांगून आधी माफी मागू? ओढ्याशी पोचले आणि थबकले. चार-पाच बाप्ये कमरेएवढ्या पाण्यात उभे. दोघांच्या खांद्यावर ओंडका, एकजण वेलाच्या दोरानं बांबू आवळतोय, आणि एक म्हातारा काठावर बसून सगळ्यांना शिव्या घालतोय. मागच्या आठवड्याच्या पावसात ओंडके वाहून गेले होते म्हणे. ते नवे घालत होते.

मी विचारलं, "आजच कशाला? पाऊस जाऊ दे की."

म्हातारा म्हणाला, "आज सोमवार न् काय? राष्ट्रपती येनार ना! तो पान्यात पडला त वाडीची काय अब्रू ऱ्हाईल?"

अवो, मी खालीच बसले. तिथल्या ओल्या दगडावर.

मोठा माणूस येणार म्हटलं की रस्त्याला डांबर पडतं, खांबाला रंग लागतो, आपण सगळेच हसतो त्याला. इथं तुम्ही येणार म्हणून ओंडके पडत होते. दर महिन्याला. पावसात वाहून जायचे आणि तुमच्या सोमवारी पुन्हा पडायचे. आणि त्यावरून वाडीतल्या, घरून येणाऱ्या पोरी पलीकडं शाळेत जात होत्या. तुम्हाला हे माहीत होतं का? की तुम्हाला वाटायचं, ओंडके असतातच? तुम्ही घरी येऊन म्हणायचात, "चालत गेलो, काय त्रास नाय," आणि मी म्हणायची, "मग साकव कशाला पायजे?" एवढं सगळं तोंडानं बोलत होतो आपण, आणि ही एवढी गोष्ट मात्र कोणीच बोललं नाही. हरले मी. तुम्ही नाही बघायला हे एका परीनं बरं. नाहीतर गावभर पेढे वाटले असतेत.

बाप्ये थांबले. मी सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही, नुसतं "गेले हो" एवढंच आलं. पाण्यातला ओंडका तसाच खांद्यावर धरून ते उभे राहिले. मग म्हातारा म्हणाला, "बांधा रे. बाई आल्ये ना." त्यांनी बांधला आणि मला धरून पलीकडं नेलं.

पलीकडं आश्रमशाळेच्या मुली रांगेत उभ्या. तुम्ही आलात की त्या सलामी देतात, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत. लाजलात की काय? बुधीबाय पुढं आली. माझं कपाळ बघितलं आणि तिला न सांगताच कळलं. मुलींच्या पुढारणीला मात्र काय कळेना. पाहुणं माणूस आलंय, सलामी तर द्यायलाच हवी. तिनं आरोळी ठोकली आणि सगळ्या मुलींचे हात एकदम कपाळाशी गेले. माझ्याकडं तोंड करून.

तालमीत साहेबांनी काय शिकवलं होतं ते तुम्ही एकदा संदीपला सांगताना मी ऐकलेलं. सलामी घेणाऱ्यानं हलायचं नसतं. नाकावर माशी बसली तरी नाही. मी पदर सावरून ताठ उभी राहिले. खरंच राहिले हो, जमेल तितका वेळ. मग त्या रांगेतल्या सगळ्यात बुटक्या पोरीचे पाय दिसले. कोरडे होते. आणि मला जे रडू फुटलं ते आवरेचना. तुमची सलामी मी पार बिघडवून टाकली. पोरींना हात खाली घ्यायचं कोणी सांगेना, त्या तशाच उभ्या, आणि मी हमसून हमसून रडतेय.

शेवटी बुधीबायच ओरडली, "हात खाली करा गं पोरींनू, दुखतील." मग माझ्या शेजारी टेकली. तिनं तुमच्याबद्दल एक चांगला शब्द काढला नाही. म्हणाली, "उशिरा यायचा. पर यायचा."

मग म्हणाली, "फुडल्या खेपंला तू कवा येशील?"

मी म्हटलं, "आजे, मी कोन? मला काय अधिकार?"

"त्याला कुठं होता?" ती म्हणाली. "कुनी येनार असला का हे बाप्ये हालतात. नायतर बसतात इड्या फुकत."

मी तिला वार सांगून आलेय, अवो. कोट संदीपच्या खांद्याला होत नाही आणि मला तर तो लुगड्यावर कसा दिसेल ते तुम्हीच बघा. तशीच जाईन. पण मला फार भीती वाटतेय. लोक समोर उभे राहतात, आपल्याकडं बघतात, तेव्हा हातांचं काय करायचं, हे मला तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं.